मुंबई ते कराची: अंतर ८७५ किलोमीटर, वेळ किती?

ज्यांना लोकलच्या गर्दीत कानात काही घालणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. ऐकताना जे बोललो तेच इथे आहे, फक्त माझे "अं" आणि "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत. सगळे नाही, थोडेच.

आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ. हे काढून देणाऱ्या साइट्स तुम्ही पाहिल्या असतील. दोन शहरांची नावं टाका, लगेच उत्तर मिळतं.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे आतमध्ये काय चालतं ते सांगतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि 'हॅव्हरसाइन' नावाच्या सूत्रात टाकायचे. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सपाट कागदावर पट्टी ठेवून चालत नाही, गोलावरची सगळ्यात जवळची वाट काढावी लागते. अंतर मिळालं की विमानाच्या सरासरी वेगाने भागायचं, म्हणजे ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरने. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवला की झालं. दहा ओळींचा कोड आहे हा.

आता त्यात मुंबई आणि कराची टाका. अंतर येतं साधारण ८७५ किलोमीटर आणि वेळ दीड तास. मुंबईहून दिल्ली साधारण ११५० किलोमीटर, म्हणजे कराची आपल्याला दिल्लीपेक्षा जवळ. विमानात बसलात, चहा आला, कप परत दिलात, की उतरायची वेळ झाली.

फक्त एकच अडचण आहे. असं विमानच नाही. साइट मात्र हे सांगत नाही. सूत्राला एवढंच कळतं की पृथ्वी गोल आहे. तिच्यावर माणसं राहतात, हे त्याला माहीत नसतं.

म्हणून आजच्या भागात आपण ती ८७५ किलोमीटरची रेघ घेणार आहोत. तिच्यावरून कोण कोण गेलं, कधी गेलं आणि ती कुठे तुटली, ते बघू.

एकाच प्रांतातला प्रवास

आधी थोडं मागे जाऊ. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. तेव्हापासून १ एप्रिल १९३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं, कराचीचा कारभार मुंबईहून चालायचा. पुणे, बेळगाव, अहमदाबाद आणि कराची, सगळी एकाच इलाख्यातली शहरं!

याची एक खूण कराचीत आजही उभी आहे. नारायण जगन्नाथ वैद्य नावाचे मराठी गृहस्थ शिक्षण खात्यात अधिकारी म्हणून सिंधमध्ये गेले. १८५५ मध्ये कराचीत सिंधमधली पहिली सरकारी शाळा सुरू झाली. तिला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं आणि ती आजही 'एनजेव्ही' म्हणून ओळखली जाते. कराचीतल्या पोरांच्या दाखल्यावर एका वैद्यांचं नाव असतं आणि इकडे आपल्यापैकी कितीजणांना ते माहीत आहे?

तर अशा काळात विमानं आली.

३० मार्च १९२९ ला 'इम्पीरियल एअरवेज'ने लंडन ते कराची सेवा सुरू केली. लंडनच्या क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंड, तिथून रेल्वेने इटलीचा किनारा, मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडायचा आणि पुढे पुन्हा दुसरं विमान. सगळं मिळून सात दिवस. त्या काळात हे अफाट जलद होतं, कारण बोटीने त्याहून कितीतरी जास्त दिवस लागत.

म्हणजे हिंदुस्थानचं हवाई दार तेव्हा कराची होतं. विलायतेचं टपाल विमानाने तिथवर यायचं आणि पुढे? पुढे आगगाडी.

जुहूच्या धावपट्टीवर

आता आपल्या गोष्टीत दोन तरुण येतात. एक जे. आर. डी. टाटा, हिंदुस्थानात वैमानिकाचा परवाना मिळवणारे पहिले. तारीख १० फेब्रुवारी १९२९. दुसरा अस्पी इंजिनिअर, वय फक्त सतरा.

१९३० च्या शर्यतीसाठी आगा खान यांनी बक्षीस जाहीर केलं होतं. जो हिंदी माणूस इंग्लंड ते हिंदुस्थान, किंवा उलट, एकट्याने विमान चालवत आधी पोहोचेल त्याला पाचशे पौंड. अस्पी इंग्लंडहून निघाला, जेआरडी कराचीहून. दोघांची गाठ पडली मधल्या वाटेवर, इजिप्तमध्ये अबुकीरला. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी कराचीला आधी पोहोचला आणि शर्यत जिंकला. प्रतिस्पर्ध्याला प्लग देणारा माणूस हरला, पण ते आयुष्यभर त्याने कौतुकानेच सांगितलं.

हा अस्पी लक्षात ठेवा. त्याचं घर या गोष्टीत परत येणार आहे.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून जेआरडी सकाळी निघाले. 'पस मॉथ' नावाचं एका इंजिनाचं चिमुकलं विमान, सोबत टपालाच्या पिशव्या. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आज समृद्धी महामार्गावर काही लोक नियम मोडून पळवतात तेवढा. रेडिओ नाही. खाली बघायचं, नद्या आणि किनारा ओळखायचा आणि जायचं.

एवढ्या इंधनात थेट मुंबई शक्य नव्हती, म्हणून वाटेत अहमदाबाद. तिथे बैलगाडीवरून पेट्रोलचे डबे आले आणि टाकी भरली. मग दुपारी जुहू. वळणाची वाट धरून साधारण हजार किलोमीटर, सात तासांच्या आसपास. जुहूहून पुढे त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं.

आपल्या देशातल्या नागरी विमानसेवेची सुरुवात इथून धरतात, आणि एअर इंडियाचं मूळही हेच उड्डाण. जुहूची धावपट्टी तेव्हा साधी मातीची होती. पावसाळ्यात तिथे इतका चिखल व्हायचा, की मुक्काम पुण्याला हलवावा लागायचा.

आता मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. कराची, अहमदाबाद, मुंबई. या पहिल्या दिवशी जेआरडी ज्या तीन ठिकाणी उतरले-चढले, ती तिन्ही ठिकाणं मुंबई इलाख्यातली होती. दुसऱ्या प्रांतात उतरावंसुद्धा लागलं नव्हतं. पंधरा वर्षांत त्याच वाटेवर देशाची हद्द आली.

बोटीने आलेले

१९४७ ची फाळणी आपण पंजाबच्या चित्रांतून ओळखतो. रेल्वेच्या टपावर बसलेली माणसं, बैलगाड्यांच्या रांगा. सिंधची फाळणी वेगळी होती. तिथे सुरुवातीला बरेच हिंदू थांबून राहिले. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग मात्र रीघ लागली. ज्यांना जमलं ते विमानाने आले, बहुतेक लोक कराचीहून मुंबईला बोटीने.

मी कल्याणला वाढलो. तिथून दोन स्टेशनं पुढे उल्हासनगर. लहानपणी आम्ही कापड घ्यायला, जीन्स घ्यायला तिकडे जायचो आणि रिक्षावाल्याला "दोन नंबरला जायचंय", "पाच नंबरला जायचंय" असं सांगायचो. हे 'नंबर' म्हणजे कॅम्पचे नंबर, हे कळायला बराच काळ गेला. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी होती ती, तिथे सिंधी निर्वासितांना ठेवलं. १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर नाव मिळालं.

बोटीतून उतरलेल्या त्या माणसांच्या डोक्यात कराची अजून 'शेजारचं शहर' होतं. घराला कुलूप लावून किल्ली सोबत आणणाऱ्या माणसाला आपण कायमचे निघालो असं वाटत नसतं. अंतर तर तेवढंच होतं ना, आठशे पंच्याहत्तर.

आणि जगाचा नकाशाही त्याच सुमारास बदलला. ८ जून १९४८ ला 'एअर इंडिया इंटरनॅशनल'चं 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून लंडनला निघालं. थांबे कैरो आणि जिनिव्हा. कराची नाही! सोळा वर्षांपूर्वी जिथून सगळं सुरू झालं, ते शहर वाटेतून गेलं. चार इंजिनांच्या मोठ्या विमानाला तिथे उतरायची गरजही राहिली नव्हती.

हवेतली कुंपणं

इथे एक नियम समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोला एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं पहिलंच कलम असं की प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण मालकी असते. म्हणजे दुसऱ्या देशाच्या नियमित विमानसेवेला वरून जायचं असेल तरी परवानगी लागते, उतरायचं असेल तर लागतेच. आकाश मोकळं असतं, हे वाक्य कवितेत ठीक आहे. प्रत्यक्षात आकाशाचे सातबारे झालेले आहेत.

तरी फाळणीनंतर मुंबई-कराची विमानं चालू होती. १९६५ च्या युद्धात ती थांबली. आणि त्याच युद्धात आपल्या रेघेवर एक भयंकर गोष्ट घडली.

नकाशावर ही रेघ नीट बघा. मुंबईहून ती समुद्रावर जाते, मग सौराष्ट्र, मग कच्छचं आखात, मग कच्छचा पश्चिम भाग, पुढे सर क्रीक आणि मग सिंध. १९ सप्टेंबर १९६५ ला गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता एका छोट्या नागरी विमानातून कच्छकडे चालले होते. पाकिस्तानी हवाई दलाच्या लढाऊ विमानाने ते पाडलं. सुथरी गावाजवळ, जवळजवळ आपल्या रेघेखालीच. आतले आठही जण गेले.

ते विमान चालवत होते जहांगीर इंजिनिअर. आडनाव ओळखीचं वाटलं? अस्पी इंजिनिअरचे भाऊ. ज्या अस्पीने १९३० मध्ये कराचीला उतरून शर्यत जिंकली, जो पुढे भारताचा हवाई दल प्रमुख झाला, त्याच घरातला मुलगा पस्तीस वर्षांनी कराचीच्या वाटेवर मारला गेला. विमान पाडणाऱ्या वैमानिकाने, कैस हुसेन यांनी, २०११ मध्ये जहांगीर यांच्या मुलीला पत्र लिहून खेद व्यक्त केला. सेहेचाळीस वर्षांनी. ईमेलने ते पत्र पोहोचायला किती सेकंद लागले असतील? पण लिहायला सेहेचाळीस वर्षं लागली.

युद्धानंतर एकमेकांच्या आकाशातून जाणं पुन्हा सुरू झालं, पण फार काळ नाही. ३० जानेवारी १९७१ ला इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' विमान पळवून लाहोरला नेलं गेलं आणि तिथे जाळलं गेलं. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. तेव्हा पाकिस्तान दोन तुकड्यांत होता. कराची ते ढाका सरळ अंतर साधारण २३५० किलोमीटर. बंदीनंतर त्यांच्या विमानांना श्रीलंकेला वळसा घालावा लागला, म्हणजे जवळपास दुप्पट. प्रवासी तसेच, सैनिकही तसेच. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बांगलादेश झाला. युद्ध फक्त या वळशामुळे जिंकलं असं कुणी म्हणणार नाही, पण वळसा महाग पडला हे नक्की.

ही दारं उघडली १९७६ मध्ये. मग १ जानेवारी २००२ ला परत बंद, संसदेवरच्या हल्ल्यानंतर. १ जानेवारी २००४ ला परत चालू. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आकाश बंद केलं, ते १६ जुलैला पूर्ण उघडलं. त्या काळात एअर इंडियाला जुलैच्या सुरुवातीपर्यंत ४९१ कोटींचा फटका बसल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा बंदी घातली आणि मग तिला महिन्या-महिन्याने मुदतवाढ मिळत गेली.

कारणं दरवेळी होती, आणि खरी होती. बंदीच्या आधी माणसं मेली होती, हे विसरून "आकाश उघडा" म्हणणं सोपं आहे. मी फक्त रेघेचा हिशोब मांडतोय.

मुंबई-कराची थेट सेवेचं म्हणाल, तर शेवटी पाकिस्तानच्या सरकारी कंपनीची एक सेवा उरली होती. २०१७ मध्ये तीही थांबली. कुठल्या बॉम्बने नाही, कुठल्या मोठ्या घोषणेने नाही. बातमी आली आणि गेली.

७८ वर्षांचा वैमानिक

या सगळ्या उघड-झापीत एक दिवस असा आला, जो मला फार मोलाचा वाटतो. १५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली होती. जेआरडींचं वय ७८. त्यांनी 'लेपर्ड मॉथ' हे जुन्या बनावटीचं छोटं विमान घेतलं आणि तेच उड्डाण पुन्हा केलं. कराची, अहमदाबाद, जुहू. तीसाव्या वर्षीही त्यांनी ते केलं होतं, १९६२ मध्ये.

विचार करा, १९८२ पर्यंत दोन्ही देशांत तीन युद्धं होऊन गेली होती. तरी एक म्हातारा माणूस खेळण्याएवढ्या विमानातून ती हद्द ओलांडू शकला, कारण दोन्हीकडच्या कुठल्या तरी टेबलावर कुणीतरी "जाऊ द्या" म्हणून सही केली होती. आज आपल्याकडे त्याच्या पाचपट वेगाची विमानं आहेत आणि ती सही नाही.

तर मग वेळ किती?

आता तक्ता मांडू. अंतर सगळीकडे तेच.

१९३२, पस मॉथने: सात तासांच्या आसपास, बैलगाडीवरच्या पेट्रोलसकट.

जेट विमानाने, थेट: दीड तास.

थेट सेवा नसताना, दुबईमार्गे: मुंबई-दुबई साधारण १९०० किलोमीटर, दुबई-कराची साधारण १२००. म्हणजे ८७५ साठी ३१०० किलोमीटर. हवेत पाच तास, मधला थांबा वेगळा, आणि व्हिसा मिळणं हा आणखी वेगळा विषय.

आणि एक चौथी ओळ आहे, जी कुठल्याच साइटवर दिसत नाही.

आपल्या पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे बरेच जण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. ओखा, पोरबंदरहून बोटी निघतात. सर क्रीकजवळ समुद्रावर रेघ आखलेली नाही, आणि तिथली हद्द नेमकी कुठे यावर दोन देशांचंच अजून एकमत नाही. मासे मात्र तिथेच असतात. बोट पकडली जाते आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातो. तिकडचे कोळीही असेच आपल्याकडे पकडले जातात. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. शिक्षा काही महिन्यांची असली, तरी नागरिकत्वाची पडताळणी होईपर्यंत वर्षं निघून जातात.

आणि सुटका झाली की? मलीरहून डहाणू सरळ रेघेत आठशे किलोमीटरसुद्धा नाही. पण सुटलेले खलाशी आजवर आले ते असे: कराचीहून लाहोर, लाहोरहून वाघा, चालत सीमा पार, मग अमृतसर आणि तिथून खाली घरापर्यंत. दक्षिण-पूर्वेला असलेल्या घरी यायला आधी हजारभर किलोमीटर उत्तरेला जायचं. एकूण तीन हजार किलोमीटरच्या आसपास. काहीजण तुरुंगातच जातात. मग त्याच वाटेने शव येतं, कागदपत्रं पूर्ण झाल्यावर, आठवड्यांनी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे मंडळी. अंतर भूगोल ठरवतो, ते मोजता येतं आणि बदलत नाही. वेळ इतिहास ठरवतो. तंत्रज्ञानाने सात तासांचे दीड तास केले, हे खरं. पण दीड तासाचे कुणासाठी बारा तास झाले आणि कुणासाठी चार वर्षं, ते कुठल्या इंजिनाने नाही केलं. ते माणसांनी ठरवलं. माणसांनी ठरवलेलं माणसं बदलू शकतात, हे १९७६ ला, २००४ ला आपण पाहिलंय.

पुढच्या वेळी कुठल्याही दोन शहरांमधला वेळ शोधाल तेव्हा एक प्रश्न जोडा: हा वेळ कुणासाठी?

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कुणी कराचीहून आलेलं असेल, किंवा तुमच्या गावातला कुणी खलाशी तिकडून परत आला असेल, तर त्यांच्याशी बसून बोला. जमलं तर त्यांच्या परवानगीने फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ही माणसं आहेत तोवरच हे ऐकायला मिळणार आहे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!